मागचं ओझं, पुढची चाकं

आमचं घर कमान पाट्यांवर उभं राहिलं. निफाड तालुक्यात, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, भट्टी लावली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. गाडीचं वजन तोलून धरणाऱ्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या म्हणजे पाटे. धनुष्यासारखा बाक, म्हणून कमान. एकाखाली एक रचायचे, मधोमध सेंटर बोल्ट घालायचा, यू-बोल्टांनी एक्सलला आवळायचे. सगळ्यांत लांब तो मेन पाटा. त्याच्या टोकांना वळवून डोळे केलेले असतात आणि त्यांतूनच कमान चासीला धरते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली. १९४७ साली आमच्याच तालुक्यात लासलगावची, कांद्यासाठी प्रसिद्ध असलेली बाजार समिती स्थापन झाली. पुढे या दोहोंची गाठ आमच्या भट्टीपाशी पडली.

जीप मुळात लढाईची गाडी. १९४० मध्ये अमेरिकी सैन्यासाठी बँटम कंपनीने पहिला नमुना केला. मग विलिस आणि फोर्ड यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. सैन्याच्या दप्तरी तिची क्षमता होती पाव टन. तिच्या पुढच्या डाव्या कमानीला एक्सलचा पीळ सोसायला एक जादा स्प्रिंगही जोडलेली असे. म्हणजे पुढचा भाग सांभाळावा लागतो हे तिच्या कर्त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. आपल्याकडेही ती कित्येक वर्षं डाव्या हाताच्या स्टिअरिंगचीच होती. मागच्या फळीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ रंगवलेलं मला लख्ख आठवतं.

अशा गाडीच्या घडणीवर बेतलेल्या पिकअपमध्ये आमचा शेतकरी कांदा भरू लागला. पन्नास किलोच्या तीस गोण्या म्हणजे दीड टन. मागची कमान सपाट व्हायची, खड्ड्यात उलटी वाकायची. मग मालक भट्टीवर यायचा आणि एकच वाक्य बोलायचा, “आण्णा, एक पाटा वाढवा.”

पाटा वाढवणं हे घणाचं काम होतं. लांबी मोजून पट्टी तोडायची, भट्टीत लाल करायची, शेजारच्या पाट्याशी बाक जुळेपर्यंत ठोकायची. तेलात बुडवून पाणी द्यायचं आणि मग मंद आचेवर पुन्हा तापवायचं. ही शेवटची पायरी चुकली तर पाटा काचेसारखा मोडतो. मोडके पाटे लोहार घेऊन जायचे आणि त्यांचे कोयते-विळे करायचे.

मी बारा वर्षांचा असताना अशीच एक पिकअप चार दिवसांत परत आली. ड्रायव्हर घामाघूम झाला होता. “आण्णा, राहूड घाटात गाडी हातात राहिना. स्टिअरिंग सोडलं की कुठंही जाती.” आण्णा मागच्या पाट्यांकडे गेलेच नाहीत. ते पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि मला म्हणाले, “सायकलचा चिमटा बघ. तो मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. आपण हिचं मागचं अंग उचललं. त्यामुळे पुढचा कल गेला.”

युद्धकाळातल्या जीपला हा कल तीन अंशांचा होता. मागे कमान उंच झाली की सगळी चासी पुढे झुकते, त्या तिनातला अंश-दीड अंश जातो आणि वळल्यावर चाकांची आपोआप सरळ येण्याची ओढ मंदावते. पुढचे पाटे वाढवले तर दुसरी अडचण येते. स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो आणि प्रत्येक खड्ड्यात चाक स्वतःहून वळू पाहतं.

आण्णांनी पुढच्या एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये पोलादी पाचर बसवून कल परत आणला. मग मागच्या-पुढच्या चाकांच्या कडेने दोरी ताणली आणि पुढची चाकं जोडणारा टाय रॉड थोडा-थोडा फिरवत ती किंचित आत घेतली. पैसे पाट्याचेच घेतले. “पाटा मी टाकला, तर पुढचं निस्तरायचंही मीच.”

कारखानदारीच्या इतिहासात कंपन्या येतात, मॉडेलं येतात. पाव टनाच्या घडणीची गाडी दीड टन कांद्यासह घाट उतरवणारी माणसं त्यात येत नाहीत, आणि त्यांची विद्या कुठे लिहिलेली नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. त्या विद्येत पाटा हा सोपा भाग होता. त्या पाट्याने पुढे काय बिघडेल ते आधी ओळखणं, ही खरी मिस्त्रीगिरी.

तरीही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाबाहेरच्या बदलांना आडकाठी करतं, ते मला योग्यच वाटतं. २००० साली बोलेरो आली, तिच्या पिकअपही आल्या. पॉवर स्टिअरिंग आलं, अलाइनमेंटची यंत्रं आली. हाताला जड लागणारं स्टिअरिंग पूर्वी ड्रायव्हरला बिघाड सांगायचं. आता तो उशिरा कळतो.

आजही कुणी येतो आणि मागे पाटा टाकायला सांगतो. मी आधी पुढच्या चाकापाशी बसतो, टायर कुठल्या कडेने झिजलाय ते बोटाने चाचपतो. बरेचदा त्याला पाटा न टाकताच परत पाठवतो आणि चार गोण्या कमी भरायला सांगतो.