पाव इंच माया: शिवण बरोबर हवी की सारखी?

आजचा भाग शिवणकामावर आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, सुईत दोरा ओवायचा तर मला दोन मिनिटं लागतात. पण क्विल्ट शिवणाऱ्या बायकांमध्ये एक जुना वाद आहे आणि तो ऐकल्यावर मला थेट आमच्या ऑफिसातली भांडणं आठवली. वाद असा: शिवण मापाला बरोबर असणं महत्त्वाचं, की सगळीकडे सारखी असणं?

ही दोन एकच वाटतात, पण नाहीत. एखादं घड्याळ रोज बरोब्बर पाच मिनिटं पुढे असेल, तर ते सारखं चालतंय पण बरोबर नाही. तरी तुम्ही त्यावर आरामात जगू शकता. बस पकडायची वेळ आली की मात्र हिशोब करावा लागतो.

आधी क्विल्ट म्हणजे काय ते बघू. आपल्या गोधडीची लांबची बहीण समजा. आपल्याकडे जुन्या साड्या, धोतरं एकावर एक अंथरतात, वर ठिगळं लावतात आणि सगळ्यातून धावदोरा घालतात. एखादं ठिगळ तिरकं बसलं तर शेजारच्यावर थोडं चढतं, विषय संपला. पॅचवर्क क्विल्टमध्ये मात्र वरचा थर वेगळा तयार होतो. कापडाचे तुकडे कडेला कड लावून जोडत जायचे. प्रत्येक जोडात दोन्ही तुकड्यांचं थोडं कापड आत जातं. आपले शिंपी त्याला माया म्हणतात. अमेरिकेत ही माया ठरलेली आहे: पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या थोडी वर.

आता गणित. एका ओळीत १६ चौकोन, म्हणजे १५ जोड. समजा तुमची माया दर बाजूला १/३२ इंचाने जास्त जाते. हे एक मिलिमीटरपेक्षाही कमी आहे, डोळ्याला दिसणार नाही. पण प्रत्येक जोडात दोन बाजू असतात, म्हणून जोडामागे १/१६ इंच गेला. १५ जोडांमध्ये १५/१६ इंच. जवळजवळ अख्खा इंच गायब!

पण गंमत पुढे आहे. तुमच्या प्रत्येक ओळीत हाच फरक पडत असेल, तर सगळ्या ओळी सारख्याच आखूड होतील आणि एकमेकींना छान जुळतील. पांघरूण इंचभर लहान झालं, झोपणाऱ्याला काय कळणार? इथे 'सारखं' जिंकलं.

मग ते हरतं कधी? शेजारी वेगळा नमुना आला की. एका ठोकळ्यात आडवे दोन तुकडे आहेत, म्हणजे एक जोड. शेजारच्यात तीन तुकडे, म्हणजे दोन जोड. कागदावर दोघांचं माप एकच. पण तुमच्या सवयीने पहिला ठोकळा १/१६ इंच लहान होणार आणि दुसरा १/८. कोपरे जुळणार नाहीत. हात अगदी सारखा चालूनही नाही. दोन बायकांनी मिळून शिवलं तरी हेच. माझ्या क्षेत्रातल्या लोकांनी 'माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय' हे वाक्य आठवावं.

म्हणजे एकटीने, एकाच नमुन्यात शिवायचं तर सारखेपणा पुरतो. दुसऱ्या कशाशी गाठ पडणार असेल तर सगळ्यांनी मान्य केलेलं माप लागतं. आता याचा इतिहास.

तारीख घातलेलं एक खूप जुनं पॅचवर्क इंग्लंडमधलं आहे, १७१८ सालचं, रेशमी. त्यात कागदाचे आकार कापून त्यावर कापड दुमडायचं आणि कडा टाचायच्या, अशी पद्धत होती. माया कमी-जास्त झाली तरी बिघडत नाही, कारण माप कागदात आहे. फक्त वेळ प्रचंड लागतो. पुढे शिवणयंत्र आलं. एलियास हाऊचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं. सरळ टीप झपाझप मारता यायला लागली. कागद गेला, माप हाताच्या आणि यंत्राच्या भरवशावर आलं. मासिकांत, वर्तमानपत्रांत नमुने छापून यायला लागले. एकमेकींना कधी न भेटलेल्या बायका एकच ठोकळा शिवायला लागल्या, आणि तिथे ठरलेल्या मायेला वजन आलं. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने कापड कापायचा फिरत्या पात्याचा कटर आणला. कापडाचे चार-सहा थर एकदम सरळ कापता यायला लागले आणि पाव इंचाचा नियम आणखी पक्का झाला.

आणि आता जीज बेंड. अमेरिकेत अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या वळणात अडकलेलं गाव. १८४५ च्या सुमारास मार्क पेटवे नावाच्या जमीनदाराने इथला मळा घेतला आणि नॉर्थ कॅरोलिनातून सुमारे शंभर गुलामांना पायी चालवत इथे आणलं. आजही गावात पेटवे हेच आडनाव जागोजागी भेटतं, त्या गुलामांच्या वंशजांचं.

गावात गरिबी होती आणि घरांत थंडी शिरायची. फाटलेल्या कामाच्या कपड्यांतून बायका क्विल्ट शिवायच्या. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांतून शिवलेला क्विल्ट आजही प्रसिद्ध आहे. इथला एक लाडका प्रकार म्हणजे 'हाऊसटॉप'. मधे एक चौकोन, त्याच्या कडेला पट्टी, मग दुसऱ्या कडेला पट्टी, असं गोल फिरत बाहेर जायचं. पट्टी कमी पडली तर तुकडा जोडायचा, जास्त झाली तर छाटायची. नीट बघा इथे काय झालं. पुढची पट्टी आधीच्या शिवलेल्या कडेला लावून कापली जाते. माप पुस्तकातलं नाही, समोरच्या कापडाचं आहे. त्यामुळे चूक साठतच नाही, प्रत्येक पायरीला मिटते. इथे बरोबर आणि सारखं, दोन्हींची गरज संपली. या बायका स्वतःच्या मनाने शिवलेल्या क्विल्टला 'माय वे' म्हणायच्या.

मग १९६० चं दशक आलं. कृष्णवर्णीय मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडे जायला लागले, तर १९६२ मध्ये फेरीबोटच बंद करण्यात आली. पलीकडचं कॅम्डेन गाव समोर दिसायचं, पण रस्त्याने तासाभराहून लांब पडायचं. नाव नोंदवलं म्हणून लोकांची कामं गेली, घरं गेली. अशा वेळी १९६६ मध्ये जीज बेंड आणि आसपासच्या वस्त्यांतल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी केली. फ्रान्सिस वॉल्टर या धर्मगुरूंनी मदत केली, एस्टेल विदरस्पून यांनी व्यवस्था सांभाळली. न्यूयॉर्कमध्ये क्विल्टचे लिलाव झाले, ब्लूमिंगडेल्ससारखी मोठी दुकानं माल घ्यायला लागली.

दुकानाला मात्र 'माय वे' नको होतं. दहा नग मागवले तर दहाही एका मापाचे, एका नमुन्याचे हवेत. १९७२ मध्ये सीअर्स कंपनीशी कॉर्डरॉयच्या उशीच्या अभ्र्यांचा करार झाला. तिथे तर स्वतःच्या मनाला जागाच नव्हती.

यावर 'बाजाराने कला मारली' असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्या ठरलेल्या मापामुळे या बायकांच्या हातात स्वतःचा पगार आला, आणि तोही जमीनमालकाच्या मर्जीवर अवलंबून नसलेला. मतदानासाठी उभं राहणाऱ्या घराला त्या पैशाची किंमत काय असेल, विचार करा. आणि कला मेलीही नाही. सीअर्सच्या कामातून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे घरी गेले आणि रात्री त्यांचे 'माय वे' क्विल्ट झाले. म्हणजे यातल्या काही जणींना काटेकोर टीप मारता येत होतीच. घरच्या क्विल्टमधली वाकडी रेघ ही न जमल्याची खूण नव्हती.

२००२ मध्ये जीज बेंडचे क्विल्ट ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागले. घरच्यांसाठी, मनाने शिवलेले. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. त्याच वर्षी, ४४ वर्षांनी, फेरीबोटही पुन्हा सुरू झाली.

तर बरोबर की सारखं? मी आता उलटा प्रश्न विचारतो: हा तुकडा नंतर कोणाला जोडायचा आहे? अनोळखी माणसाच्या तुकड्याला जोडायचा असेल तर पाव इंच म्हणजे पाव इंच, कुरकुर नको. आपल्याच घरात पांघरायचा असेल तर आधीची कड बघून कापा आणि पुढे चला.

तुमच्या घरी गोधडी कोण शिवायचं आणि माप कशाने घ्यायचं, वितीने, बोटाने की नजरेने? आजीला विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू!