अश्वाहार, प्रकृतिभेदानुसार

घोड्याचे वय, काम आणि आजार पाहून त्याच्या वैरणीत व चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, करावे लागणारे फेरफार हा या नोंदीचा विषय आहे. घोडा रवंथ करीत नाही. गवतातील तंतूंचे पचन त्याच्या मोठ्या आतड्यात आणि त्याच्या आरंभी असलेल्या अंधांत्र नावाच्या पिशवीत सूक्ष्मजंतूंच्या किण्वनाने होते. जठर मात्र ८ ते १५ लिटरांचेच असून त्यात आम्ल अखंड पाझरत राहते, आणि ते निवविणारी लाळ फक्त चावताना सुटते. म्हणून शरीरभाराच्या १.५ ते २ टक्के कोरडी वैरण, म्हणजे ४५० किग्रॅ. वजनाच्या घोड्यास रोज सुमारे ७ ते ९ किग्रॅ., हा आहाराचा पाया मानला जातो. पागेत बहुधा उलटा समज आढळतो : तोबरा भरला की घोडा जेवला. एका वेळी दाणा फार झाला, तर त्यातील पिष्ट लहान आतड्यात न पचता पुढे सरकते, अंधांत्रातील आम्ल वाढते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकारी होत नसल्याने खाल्लेले बाहेर टाकण्याची सोय त्याला नाही.

प्रतवारीप्रमाणे खुराक ठरविण्याची पद्धत जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम, मध्यम व कनिष्ठ घोड्यांसाठी निरनिराळे प्रमाण दिलेले असून व्यालेल्या घोडीचा विचार वेगळा केला आहे. खुराक असा प्रतवारीने ठरविला, तरी गव्हाच्या कोंड्यावर भिस्त ठेवणे मात्र घातक ठरते, कारण त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या अनेक पट असतो आणि तूट भरून काढण्यासाठी शरीर हाडांतील कॅल्शियम ओढते, त्यामुळे चेहऱ्याची हाडे फुगतात. युरोपात हा रोग पीठगिरणीवाल्यांच्या घोड्यांना विशेष जडे. कोंडा त्यांना घरचाच होता.

लॅमिनायटिस म्हणजे खुराचे कवच आतल्या हाडाला धरून ठेवणाऱ्या पापुद्र्यांचा दाह. लठ्ठ किंवा इन्शुलिनचे नियमन बिघडलेल्या घोड्यात तो साखर व पिष्टामुळे भडकतो, म्हणून अशा घोड्याला चंदी व कोवळे हिरवे गवत बंद करून सुकी वैरण तासभर थंड पाण्यात भिजवून देतात. विरघळलेली साखर असलेले ते पाणी ओतून द्यायचे असते. ते घोड्याला पाजणे म्हणजे सारा खटाटोप वाया घालवणे होय. म्हातारा घोडा हडकुळा दिसला म्हणून त्याला गूळ-दाणा चारणे हीही अशीच फसगत आहे, कारण त्याचेही इन्शुलिन पुष्कळदा बिघडलेले असते. दात झिजले असतील तर भिजवून मऊ केलेला तंतुमय चारा त्याला मानवतो.

एकच चारा एकाला औषध आणि दुसऱ्याला अपाय कसा ठरतो, हे लसूणघासावरून उत्तम कळते. शर्यतीच्या घोड्यांत वारंवार आढळणाऱ्या जठरव्रणात त्यातील कॅल्शियम व प्रथिने आम्लाची धार बोथट करतात, म्हणून व्यायामाआधी त्याचा थोडा घास देणे हिताचे असते. घोड्याच्या शरीरातील जादा कॅल्शियम मुख्यतः मूत्रावाटे जात असल्याने मूत्रपिंड निकामी होत असलेल्या घोड्यापासून मात्र तो दूरच ठेवावा लागतो.

उपासमारीने खंगलेला घोडा दिसला की दयाळू माणूस पहिल्यांदा दाणाच पुढे करतो. पण पिष्टामुळे इन्शुलिन एकदम वाढून रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत खेचले जातात, आणि आहार सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच हृदय व श्वसन कोलमडू शकते. येथे पुन्हा लसूणघासच कामी येतो, कारण त्यात पिष्ट थोडे व प्रथिने भरपूर असतात. तो दर चार-सहा तासांनी अगदी थोडा देऊन प्रमाण सुमारे १० दिवसांत हळूहळू वाढवतात, आणि त्यानंतरच पोटभर वैरण मोकळी सोडतात.