पोनी : उसन्या विद्येतून उभी राहिलेली मोटार

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आठवतात. परंतु कारखान्यांनाही इतिहास असतो आणि तो विद्यार्थ्यांना पुष्कळ काही शिकवून जातो. दक्षिण कोरियातील 'पोनी' ह्या छोट्या मोटारीची हकिगत अशीच आहे.

ह्युंदाई मोटार कंपनीचे संस्थापक चुंग जू-युंग हे गरीब शेतकऱ्याचे पुत्र. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच. वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे घेऊन ते तरुणपणी घरातून पळाले. आधी तांदळाच्या दुकानात नोकरी केली, पुढे मोटारदुरुस्तीचे गॅरेज काढले. १९५० ते १९५३ च्या युद्धात देश होरपळून निघाला. त्यातून सावरत डिसेंबर १९६७ मध्ये त्यांनी मोटार कंपनी स्थापन केली. उल्सान येथील कारखान्यात १९६८ पासून फोर्डची कॉर्टिना गाडी जोडली जाऊ लागली. आराखडा परक्याचा, महत्त्वाचे भाग परक्याचे. कोरियन कामगाराच्या वाट्याला केवळ जोडणी. भागीदारीत इंजिने बनविण्याची फोर्डबरोबरची बोलणी १९७३ मध्ये फिसकटली. त्याच सुमारास कोरियाच्या सरकारनेही देशी बनावटीच्या छोट्या मोटारीचा आग्रह धरला.

पण मोटार मुळापासून घडवायची कशी, हे देशात कोणी शिकलेच नव्हते. तेव्हा विद्या जेथे मिळेल तेथून आणण्याचे ठरले. गाडीचे रूप इटलीच्या जॉर्जेतो जुजारो यांनी रेखाटले. इंजिनाचे तंत्र जपानच्या मित्सुबिशी कंपनीकडून घेतले. ब्रिटिश लेलँड सोडून आलेले जॉर्ज टर्नबुल १९७४ मध्ये मार्गदर्शक म्हणून रुजू झाले.

विद्यार्थी मित्रांनो, पुढचा भाग नीट लक्षात घ्या. इटलीतील तुरीन शहरी काही तरुण कोरियन अभियंते पाठविण्यात आले होते. दिवसा ते तेथील काम पाहत आणि रात्री मुक्कामी एकत्र बसून, पाहिलेले सारे आठवून वहीत लिहून काढत. त्यांपैकी ली छुंग-गू यांची वही कोरियात पुढे प्रसिद्ध झाली आणि ते स्वतः कंपनीच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. ही वही नुसती उतरवून काढलेली नव्हती. समजून घेऊन लिहिलेली होती.

ऑक्टोबर १९७४ मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात पोनी जगापुढे आली. डिसेंबर १९७५ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७६ मध्ये दहा हजारांहून अधिक गाड्या खपल्या आणि त्याच वर्षी काही गाड्या दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरला रवाना झाल्या. १९८४ पासून कॅनडातही पोनीला अपेक्षेहून कितीतरी अधिक गिऱ्हाईक मिळाले.

तथापि यशाबरोबर ठेचही लागली. १९८६ मध्ये 'एक्सेल' ही पुढची गाडी अमेरिकेत गेली. स्वस्त म्हणून ती पहिल्याच वर्षी लाखावर खपली. पण लवकरच गंज आणि बिघाड यांच्या तक्रारी वाढल्या आणि कंपनीचे नाव खाली आले. शिवाय इंजिनाचे तंत्र अजून उसनेच होते. ते उसनेपण संपविण्यासाठी ली ह्युन-सून यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंते वर्षानुवर्षे झटले. चाचण्यांत कितीतरी इंजिने मोडली. अखेर १९९१ मध्ये 'अल्फा' हे कंपनीचे स्वतःचे इंजिन तयार झाले आणि १९९४ ची 'अ‍ॅक्सेंट' सर्वस्वी स्वतःच्या तंत्रावर धावू लागली. आपल्याकडे १९९८ मध्ये आलेली सँट्रो ह्याच घराण्यातली.

त्याच १९९८ साली वृद्ध चुंग एक हजार एक गाईगुरे घेऊन सीमेपलीकडे, उत्तर कोरियातील आपल्या जन्मभूमीकडे गेले. वडिलांच्या एका गाईचे ऋण त्यांनी असे व्याजासह फेडले.

विद्येचेही तसेच आहे. ती दुसऱ्याकडून घेण्यात कमीपणा नाही. आपण सारेच गुरूकडून, पुस्तकाकडून उसनवारीच करतो. कमीपणा आहे तो जन्मभर उसनवारीवर राहण्यात. पालकांनी मुलांच्या वह्या भरल्या की नाहीत एवढेच न पाहता, त्यांतले किती मुलांचे स्वतःचे झाले, हेही पाहावे.