रत्नागिरी : सहलीचे गाव, कैदेचे गाव



शाळेची सहल कोठे न्यावी, हा प्रश्न गुरुजींना दरवर्षी पडतो. घाटावरच्या मुलांना समुद्र पाहायचा असतो. दुसरे काही सुचवून उपयोग नसतो. मग कोल्हापूरहून निघालेली एस. टी. आंबा घाट उतरते, हवा दमट होते, जांभ्या दगडाचे गडगे आणि आंब्याची कलमे दिसू लागतात, आणि रत्नागिरी येते. संध्याकाळी मांडवी, सकाळी रत्नदुर्ग, दुपारी गणपतीपुळे, आणि रात्री परत. मुले खूश, गुरुजीही खूश. तक्रार करायला तशी जागा नाही. पण गावाच्या मध्यावर जे पाहायचे ते राहून जाते, म्हणून आज थोडे त्याविषयी बोलू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आज आपण सहज येतो ते रत्नागिरी पूर्वी फार आडबाजूला होते. कोकण रेल्वे पुरी होऊन मुंबईपासून मंगळूरपर्यंत सरळ गाडी धावू लागली ती 1998 साली. त्याआधी मुंबईला जायचे तर आगबोट. बोट खोल पाण्यात उभी राहायची, आणि माणसे होडीतून तिच्यापर्यंत जायची. पावसाळा लागला की समुद्र खवळायचा आणि बोटी बंद व्हायच्या. मग उरत असे घाटाची वाट, आणि ती पावसाळ्यात कशी असते हे घाटाखालच्या माणसाला सांगायला नको. गावकऱ्यांना ही मोठी अडचण होती. इंग्रज सरकारला मात्र याच अडचणीत एक सोय दिसली. ज्याला जगापासून तोडून ठेवायचे, त्याला ठेवायला असे गाव बरे.

1886 च्या एप्रिल महिन्यात अशाच एका बोटीतून ब्रह्मदेशचा राजा थिबा येथे उतरला. बरोबर दोन राण्या आणि लहान मुली. वय अवघे सत्तावीस. आदल्या वर्षी, 1885 च्या नोव्हेंबरात, इंग्रजांच्या फौजा इरावती नदीने वर चढल्या आणि पंधरवड्याच्या आत राजधानी मंडाले त्यांच्या हाती पडली. राजाला नावेत बसवून खाली रंगूनला आणले, तेथून मद्रासेला, आणि मद्रासेहून रत्नागिरीस. थिबाने राज्य केले सात वर्षे, आणि कैद भोगली तीस वर्षे.

हा राजा काही देवमाणूस नव्हता, बरं का. तो गादीवर आल्यावर थोड्याच काळात, 1879 साली, मंडालेच्या राजवाड्यात त्याच्याच भाऊबंदांची कत्तल झाली. गादीला दावेदार उरू नये, एवढाच तिचा हेतू. मुलांना थिबाची गोष्ट सांगताना हे लपवू नये. पण त्या पापाची शिक्षा म्हणून इंग्रजांनी त्याला पकडले, असेही कोणी समजू नये. त्यांना ब्रह्मदेश हवा होता. तिथले सागवान हवे होते, व्यापार हवा होता, आणि फ्रेंचांनी तिकडे पाय रोवू नयेत अशीही इच्छा होती.

आता त्याचे येथले दिवस पाहा. सुरुवातीची चोवीस वर्षे राजाचे बिऱ्हाड साध्या बंगल्यांत होते. देखरेखीला पोलीस अंमलदार नेमलेला. सरकारच्या परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. तनखा मिळे, पण राजाचा हात सैल आणि गोतावळा मोठा. मग मंडालेहून बरोबर आणलेली माणके आणि दागिने एकेक करून विकले जाऊ लागले. ब्रह्मी राजमुकुटाचे धन कोकणातल्या एका गावात असे थोडेथोडे विरून गेले.

1910 च्या अखेरीस त्याला नवा राजवाडा मिळाला. तोच आज आपण थिबा पॅलेस म्हणतो. तीन मजली इमारत, उतरती कौलारू छपरे, अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या आणि त्यांवर लाकडाचे बारीक कोरीव काम. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे. राजा बौद्ध होता आणि अखेरपर्यंत आपला धर्म पाळीत राहिला. वाडा उंचावर आहे. जवळच्या थिबा पॉइंटवर उभे राहिले की खाली भाट्याची खाडी, तीवरचा पूल, नारळीच्या बागा, आणि पलीकडे समुद्र. सूर्यास्त पाहायला तेथे रोज गर्दी होते. एक गोष्ट मुलांना विचारून पाहा : ब्रह्मदेश कोणत्या दिशेला? उत्तर पूर्व. राजासमोर होता तो पश्चिमेचा समुद्र. तो कितीही वेळ पाहिला तरी त्यात मंडालेचे काहीही दिसणार नव्हते.

आता याच गावातल्या टिळक आळीत या. येथे 23 जुलै 1856 रोजी बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक. गुरुजनांनो, हे तुमच्याच व्यवसायातले घर आहे, तेव्हा आत जाऊन या. घर साधे कोकणी, कौलारू, मातीच्या अंगणाचे. बाळ दहा वर्षांचा असताना गंगाधरपंतांची बदली पुण्यास झाली आणि कुटुंबाने रत्नागिरी सोडली.

पुढे 1908 साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि सरकारने त्यांना नेऊन ठेवले कोठे? मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात. ज्या तटाच्या आत थिबाचा राजवाडा होता, त्याच तटाच्या आत. मंडालेचा राजा रत्नागिरीत, आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेत! एकाचे घर दुसऱ्याची कोठडी झाली होती. कोणा कवीने हे रचले असते तर आपण म्हटले असते, फारच जुळवून आणले. थिबा नव्या वाड्यात राहायला गेला त्याच हिवाळ्यात, 1910-11 मध्ये, टिळक मंडालेच्या लाकडी खोलीत शिसपेनीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. 1912 साली टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. त्याच वर्षी इकडे थिबाची धाकटी राणी सुपायाले रत्नागिरीत वारली. टिळक 1914 च्या जूनमध्ये सुटून पुण्यास परतले. थिबाला मात्र सुटका नव्हती. 1916 च्या डिसेंबरात तो रत्नागिरीतच मरण पावला.

मेल्यावर तरी देह मायदेशी न्यावा, असा थोरली राणी सुपायालत हिचा हट्ट. सरकार ऐकेना. राजाचा जिता देह जितका अडचणीचा, तितकाच मेलेलाही, असा हिशेब असावा. बरीच वर्षे वाद चालला, आणि 1919 साली राजा व धाकटी राणी यांचे देह रत्नागिरीतच समाधीत ठेवले गेले. त्यानंतर राणीला आणि मुलींना परत जाऊ दिले. याच्या उलट बाजूने पाहा : दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनी रंगूनला पाठवले होते, आणि 1862 साली तो तेथेच वारला. त्याची कबर रंगूनमध्ये, याची समाधी रत्नागिरीत.

थिबाची थोरली मुलगी मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. येथल्याच एका मराठी माणसापासून तिला मुलगी झाली होती. टूटू तिचे नाव. ब्रह्मी राजाची ही नात मराठी बोलत वाढली, मराठी घरात नांदली, गरिबीत दिवस काढले, आणि 2000 साली रत्नागिरीतच वारली. इतिहासाच्या पुस्तकात राजघराणे ‘संपले’ असे एका वाक्यात असते. ते संपते कसे, हे या गावाने डोळ्यांदेखत पाहिले.

आणखी एका बंदिवानाचे गाव म्हणूनही रत्नागिरी ओळखली जाते. 1924 साली विनायक दामोदर सावरकरांना तुरुंगातून सोडले, ते जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात पडायचे नाही या अटींवर. 1937 पर्यंत ते येथे होते. त्या काळात शाळेत सगळ्या जातींची मुले एकत्र बसावीत यासाठी गावात चळवळ झाली. 1931 साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून उभे राहिलेले पतितपावन मंदिर सर्व जातींच्या हिंदूंना खुले झाले. मुलांना तेथे नेल्यावर एवढेच विचारा की देवळाचा दरवाजा सगळ्यांना उघडा असणे ही त्या वेळी बातमी का होती.

रत्नदुर्गावर सकाळी लवकर जावे. किल्ला घोड्याच्या नालाच्या आकाराचा असून तिन्ही बाजूंनी पाणी आहे. आत भगवतीचे देऊळ, आणि टोकाला 1867 चा दीपगृहाचा मनोरा. किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला काळा समुद्र, अशी नावे लोकांनी वाळूच्या रंगावरून दिली आहेत. काळी वाळू हातात घेऊन तिच्यावर लोहचुंबक फिरवून पाहा. मुलांना गंमत वाटेल, आणि विज्ञानाचा एक तासही होईल. मत्स्यालय पाहावे, तेथे देवमाशाचा सांगाडा आहे. गणपतीपुळ्यास जाल तेव्हा मालगुंडला कवी केशवसुतांचे स्मारक आहे, मराठीच्या गुरुजींनी ते चुकवू नये. आंब्याच्या दिवसांत पेटीचा भाव दोन ठिकाणी विचारूनच पेटी घ्यावी.

राहता राहिली थिबाची समाधी. ती शिवाजीनगर भागात, वस्तीच्या मध्ये आहे. सहलीच्या गाड्या सहसा तिकडे वळत नाहीत. 2012 साली ब्रह्मदेशचे, म्हणजे म्यानमारचे, राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम येथे येऊन त्या समाधीपुढे उभे राहिले, तेव्हा गावातल्याही काही लोकांना प्रथमच कळले की ती कोठे आहे. शोधताना विचारावे लागेल. राजवाड्याहून मांडवीला उतरण्याआधी अर्धा तास हाताशी ठेवा, आणि उजेड असताना जा.