चौथं वर्ष सोडू नका : चित्रकला, जात आणि 'ऑनर्स'चा प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक मुलगा आला. चित्रकलेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला शिकतो. वडील पूर्वी दुकानांच्या पाट्या आणि जयंतीचे बॅनर हाताने रंगवायचे. फ्लेक्स आला आणि ते काम गेलं. आता ते घरांना रंग द्यायच्या कामावर जातात. मुलाचा प्रश्न सरळ होता : "दादा, तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष ऑनर्सचं. घरचे म्हणतात, पदवी मिळतेच आहे तर आणखी एक वर्ष कशाला? काय करू?"

आम्ही त्याला त्या दिवशी उत्तर दिलं नाही. घरात महिन्याला किती पैसे येतात हे माहीत नसताना "शीक बाबा" म्हणणं सोपं असतं. पण नंतर विचार करताना लक्षात आलं की हा एका घराचा प्रश्न नाही. यामागे फार जुना इतिहास आहे आणि तो आपल्या तरुणांना माहीत असला पाहिजे. म्हणून हा लेख.

आधी आज काय बदललं आहे ते पाहू. बी.एफ.ए. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधीपासून चार वर्षांचीच होती. म्हणजे चौथं वर्ष ही काही नवी गोष्ट नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीची जी नवी रचना आली, तिच्यात नवं आहे ते मधेच उघडलेलं बाहेर पडण्याचं दार. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांत १२० श्रेयांक पूर्ण केले की पदवी, चार वर्षांत १६० केले की ऑनर्स पदवी. चौथ्या वर्षी संशोधन घेऊन 'ऑनर्स विथ रिसर्च' करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. कागदावर हे दार सगळ्यांसाठी सारखं आहे. पण दार सारखं असलं तरी त्यातून बाहेर कोण पडणार? ज्याच्या घरी पुढच्या महिन्याच्या भाड्याची चिंता आहे तो. आणि आत कोण राहणार? ज्याच्या बापाला एक वर्ष परवडतं तो.

चित्रकलेत या चौथ्या वर्षाचं महत्त्व वेगळं आहे. पहिली तीन वर्षं बहुतांशी हात तयार करण्यात जातात : रेखांकन, रंग, स्थिरचित्र, व्यक्तिचित्र, माध्यमांची ओळख. शेवटच्या वर्षी विद्यार्थी स्वतःचा विषय निवडतो, त्यावर वाचतो, लिहितो, सलग चित्रमाला उभी करतो आणि परीक्षकांसमोर तिची बाजू मांडतो. थोडक्यात, तीन वर्षं हाताची आणि चौथं वर्ष डोक्याचं. आता इतिहासाकडे वळू, म्हणजे हात आणि डोकं यांची ही फाळणी कुठून आली ते कळेल.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तिथे उत्खननात एक यक्षमूर्ती सापडली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली ही मूर्ती. तिच्यावर कोरलेलं आहे की ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मातीतला एक कारागीर स्वतःचं नाव आणि स्वतःचा धंदा मूर्तीवर कोरून ठेवतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने प्रवेशद्वाराचं काम केल्याचा लेख आहे. कान्हेरीला कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. सुतार, सोनार ही माणसं बौद्ध लेण्यांत नावानिशी उभी आहेत, कर्ते म्हणून आणि दाते म्हणूनही. आपण कारागीर आहोत याची त्यांना लाज नव्हती.

आता दुसरी बाजू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कुणाच्या हातचं अन्न खाऊ नये याची यादी आहे. त्या यादीत लोहार आहे, सोनार आहे, बुरूड आहे, रंगमंचावर काम करणारा आहे. म्हणजे हाताने काही घडवणारा माणूस पंक्तीतून बाहेर. ज्या सोनाराचं नाव बुद्धाच्या लेण्यात मानाने कोरलं जातं, त्याच सोनाराचं अन्न मनूला चालत नाही. या देशात कलेचा इतिहास लिहायचा तर तो या दोन दृष्टींच्या संघर्षाचा इतिहास म्हणूनच लिहावा लागेल. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त लिहिलं की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. कलेच्या क्षेत्रात हे वाक्य तंतोतंत लागू पडतं. घडवणारा वेगळा, आणि जे घडलं त्याला 'कला' म्हणायचं की 'कारागिरी' हे ठरवणारा वेगळा.

ही फाळणी इंग्रजांच्या काळात शाळेच्या इमारतीत शिरली. १८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली, तेच आजचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. आदल्या वर्षी काय घडलं होतं तेही लक्षात ठेवा. जून १८५६ मध्ये याच मुंबई इलाख्यात, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याच्या वतीने सरकारकडे अर्ज झाला. सरकारने अन्याय मान्य केला, पण एका मुलासाठी बाकी सगळ्यांची शाळा धोक्यात घालता येणार नाही असं म्हणून हात झटकले. बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात या प्रकरणाची दखल घेतली आहे. म्हणजे मुंबईत कलाशिक्षणाचं दार उघडत होतं, तेव्हा आपल्या मुलांना अक्षरओळखीचंही दार बंद होतं. कलाशाळेच्या दारावर कुणी 'अस्पृश्यांना मनाई' अशी पाटी लावायची गरजच नव्हती.

पुढे जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. १८७२ ते १८८५ या काळात या विद्यार्थ्यांनी लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. अंधाऱ्या लेण्यांत, उन्हाळ्या-हिवाळ्यात, वर्षानुवर्षं. त्या प्रतिकृती लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. १८९६-९७ मध्ये त्यावरचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. ग्रंथकार म्हणून नाव ग्रिफिथ्स यांचं. पेस्तनजी बोमनजींसारखी एक-दोन नावं सोडली तर ज्या विद्यार्थ्यांच्या हातांनी ते काम झालं त्यांना आज कोण ओळखतं? ग्रिफिथ्स यांची मेहनत आम्ही नाकारत नाही. मुद्दा एवढाच की हात एकाचे आणि ग्रंथ दुसऱ्याचा. पितळखोऱ्याच्या कण्हदासाला जे मिळालं होतं, ते दोन हजार वर्षांनी, शेजारच्याच डोंगररांगांत, हिंदी विद्यार्थ्यांना मिळालं नाही.

१८९१ मध्ये जे. जे.च्याच आवारात लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा सुरू झाल्या. तिथे लाकूडकाम, धातुकाम, गालिचे अशी कामं शिकवली जायची. एका बाजूला चित्रकला-शिल्पकलेचे वर्ग, दुसऱ्या बाजूला कारागिरीच्या कार्यशाळा. 'फाइन आर्ट' आणि 'क्राफ्ट' हे शब्द युरोपातून आले, पण आपल्याकडे त्यांना रुजायला जातीची तयार जमीन मिळाली.

आता बाबासाहेबांच्या एका वर्षाबद्दल. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंडांवर, बाबासाहेब कोलंबियाला गेले. १९१६ मध्ये लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. का? बुद्धी कमी पडली म्हणून? नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून. कोलंबियाचं शिक्षण पदरात होतं. त्या काळात एवढ्यावर कुणीही म्हणालं असतं, झालं की, आता नोकरी बघा. बाबासाहेबांनी विद्यापीठाकडून चार वर्षांत परत येण्याची परवानगी घेऊन ठेवली. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं, शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवलीच. अर्ध्यावर मिळालेल्या बाहेरच्या दाराने ते कायमचे बाहेर पडले असते, तर?

म्हणूनच सत्तेजवळ गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय मागितलं ते पाहा. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्याच वर्षी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं आणि उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्यातली कितीतरी घरं या शिष्यवृत्तीवर उभी आहेत. मुदत संपल्यामुळे लंडन सोडावं लागलेल्या माणसाने ही तरतूद करून ठेवली आहे, हे चौथं वर्ष सोडण्याआधी आठवावं.

हेच बाबासाहेब आयुष्याच्या उत्तरार्धात चित्रकला आणि व्हायोलिन शिकले. कायदा, अर्थशास्त्र, धर्म यांच्या अभ्यासाने थकलेल्या माणसाला कला हा वेळ घालवण्याचा उद्योग वाटला नाही, ती शिकण्याची गोष्ट वाटली.

जास्तीच्या अभ्यासाने काय होतं याचं एक उदाहरण नागपूरचं आहे. सवी सावरकर यांचा जन्म १९६१ चा. नागपूरला शिकून ते बडोद्याच्या कलाविद्याशाखेत मुद्राचित्रणाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले. पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवलं. गळ्यात गाडगं आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य, देवदासी, मनू हे त्यांच्या चित्रांतले विषय. पेशवाईतल्या गाडग्याबद्दल आपण भाषणात हजारदा ऐकलेलं असतं. पण त्याचं चित्र करायचं तर ते कोणत्या माध्यमात, किती काळ्या रंगात, पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून की मान खाली घालून, हे ठरवायला अभ्यास लागतो. हात बसलेला असला तरी विषय हाती यायला वेळ लागतो. तो वेळ म्हणजेच हे चौथं वर्ष.

आणि विषयांची आपल्याकडे काय कमी? संसदेच्या आवारातला बाबासाहेबांचा पुतळा बी. व्ही. वाघ यांनी घडवला, त्याचं अनावरण १९६७ मध्ये झालं. त्यानंतर गावोगाव, चौकाचौकांत निळ्या कोटातला, हातात संविधान घेतलेला पुतळा उभा राहिला. या पुतळ्याची घडण कशी झाली? गावातले मूर्तिकार कोण? विहारातल्या बुद्धमूर्ती कुठून येतात, त्यांचे चेहरे कोण ठरवतं? जयंतीचे हाताने रंगवलेले बॅनर आता कुणाकडे शिल्लक आहेत? दलित दृश्यकलेवरचा एक महत्त्वाचा इंग्रजी ग्रंथ २०१२ साली निघाला. त्याचे संपादक गॅरी टार्टाकोव्ह हे अमेरिकन कलाइतिहासकार. त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण आपल्या चौकातला पुतळा वाचायला अमेरिकेतून माणूस यावा लागतो, आणि आपली पोरं तिसऱ्या वर्षाला बाहेर पडून जाहिरात कंपनीत दुसऱ्याने ठरवलेल्या चित्रात रंग भरतात, हे आपल्याला मान्य आहे का?

यावर कार्यकर्ते दोन आक्षेप घेतील. पहिला, पोट कसं भरायचं? हा आक्षेप खरा आहे. उपाशीपोटी संशोधन होत नाही. पण तो आक्षेप त्या एकट्या मुलावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर जेवढे पैसे जातात, त्यात एका मुलाचं वर्षभराचं सामान आणि प्रवास निघतो. दुसरा आक्षेप, चळवळीला वकील, अधिकारी, डॉक्टर हवेत, चित्रकार काय कामाचे? आपण कसे दिसतो हे जर आपण ठरवलं नाही तर ते दुसरे ठरवतात. सिनेमात, पाठ्यपुस्तकात, बातमीच्या फोटोत आपण कसे दिसतो ते आठवा, म्हणजे उत्तर मिळेल.

म्हणून आमचं म्हणणं असं. तिसऱ्या वर्षाला असलेल्यांनी सहा सत्रांचे गुण आत्ताच तपासा. ७५ टक्क्यांची अट शेवटच्या सत्रात पूर्ण होत नसते. शिष्यवृत्तीचा अर्ज चौथ्या वर्षासाठीही वेळेत भरा आणि अडला तर समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारा, तोंडी उत्तरावर परत येऊ नका. विषय निवडताना वस्तीकडे पाहा. आणि जयंती मंडळांनो, यंदाच्या बैठकीत चौथ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा खर्च हा विषय क्रमांक एकवर घ्या.

तो मुलगा मागच्या रविवारी पुन्हा आला. आम्ही त्याला कण्हदासाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, वडिलांनी रंगवलेल्या पाट्यांच्या कोपऱ्यात त्यांचं नाव कधीच नसायचं, गिऱ्हाईक पुसायला लावायचं. आता त्याने त्या पाट्या शोधायला सुरुवात केली आहे. दोन सापडल्या आहेत. चौथ्या वर्षाच्या फीची जुळवाजुळव आमच्या मंडळाने अंगावर घेतली आहे. अजून निम्मे पैसे जमायचे आहेत.

जय भीम.