अनिश्चिततेचा स्रोत : मॉड्युलर सिंथेसिसमधील नॉइज आणि यादृच्छिक व्होल्टेजचा इतिहास

इलेक्ट्रॉनिक संगीताचा अभ्यास करताना विद्यार्थी बहुधा ऑसिलेटर, फिल्टर आणि कीबोर्ड यांच्यापासून सुरुवात करतो. नॉइज जनरेटरचा उल्लेख नंतर येतो, आणि तोही वारा, लाटा, झांजा यांचे आवाज काढण्याचे साधन एवढाच. प्रस्तुत टिपणात या घटकाची दुसरी बाजू पाहायची आहे. नॉइज कानाने ऐकण्याऐवजी त्याच्याकडून यंत्राला आज्ञा देता येतात हे ज्या क्षणी लक्षात आले, त्या क्षणी संगीतरचनेतील एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला : पुढचा स्वर कोण ठरवणार?

सुरुवातीला नॉइज हा अभियंत्यांचा शत्रू होता. १९१८ मध्ये वॉल्टर शॉट्की यांनी व्हॅक्यूम ट्यूबमधील विद्युतप्रवाह अखंड धारेसारखा वाहत नसून सुट्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने बनतो, आणि त्यामुळे त्यात अटळ चढउतार असतात, हे दाखवले. १९२८ मध्ये बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी साध्या रोधातही (रेझिस्टरमध्ये) उष्णतेमुळे निर्माण होणारा नॉइज मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघांनाही यात स्वारस्य होते ते मर्यादा समजून घेण्यापुरते : टेलिफोनच्या तारेवरून जाणारा क्षीण आवाज किती वाढवता येईल? एक हिशेब करून पाहा. १० किलोओहमचा रोध, खोलीचे तापमान आणि २० किलोहर्ट्झची पट्टी घेतली, तर हा नॉइज दोन मायक्रोव्होल्टपेक्षाही थोडा कमी भरतो. सिंथेसायझरमधील संदेश काही व्होल्टचे असतात. म्हणून पुढच्या काळातील बहुतेक यंत्रांत नॉइजसाठी रोध न वापरता ट्रान्झिस्टरची एक संधी उलट्या दिशेने जोडून तिचा भंग घडवून आणतात. त्या अवस्थेत ती पुष्कळ अधिक खरखर करते. गंमत म्हणजे प्रत्येक ट्रान्झिस्टर सारखाच खरखरत नाही. बनवणाऱ्यांना मूठभर ट्रान्झिस्टर तपासून त्यातला सर्वांत 'वाईट' निवडावा लागे.

श्वेत नॉइज हे नाव श्वेत प्रकाशावरून आले. त्यात प्रत्येक हर्ट्झमागे ऊर्जा सारखी असते. पण आपला कान हर्ट्झ मोजत नाही, सप्तके मोजतो. १०० ते २०० हर्ट्झ हे एक सप्तक, ५,००० ते १०,००० हेही एकच सप्तक. परंतु दुसऱ्याची रुंदी पहिल्याच्या ५० पट आहे. त्यामुळे श्वेत नॉइज कानाला तीक्ष्ण, 'स्स्स' असा लागतो. दर सप्तकाला ३ डेसिबल उतार दिला की गुलाबी नॉइज मिळतो आणि तो धबधब्याजवळ उभे राहिल्यासारखा भरीव वाटतो. ही भेदरेषा ध्वानिकीपुरती वाटते, पण पुढे तीच रचनेच्या प्रश्नाला भिडणार आहे.

संगीतात नॉइज आला तो १९५० च्या दशकात. कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत नॉइज गाळून ध्वनी घडवले जात होते. स्टॉकहाउझेन यांच्या १९५५-५६ मधील 'गेझांग डेर युंगलिंग' या रचनेत अशा ध्वनींशेजारी एका मुलाचा आवाज आहे. त्याच सुमारास यादृच्छिकतेचा दुसरा, कागदावरचा प्रवाह वाहत होता. जॉन केज यांनी १९५१ मध्ये 'म्युझिक ऑफ चेंजेस' ही पियानोरचना चिनी 'ई चिंग' ग्रंथाच्या पद्धतीने कौल लावून रचली. झेनाकिस संभाव्यताशास्त्र वाद्यवृंदात आणत होते. हिलर आणि आयझॅकसन यांनी १९५६-५७ मध्ये इलियाक संगणकाकडून यादृच्छिक अंक काढून चौकडीसाठी संगीत रचले. एकीकडे यादृच्छिक ध्वनी आणि दुसरीकडे यादृच्छिक निर्णय. दोन्ही अजून एकाच पेटीत बसले नव्हते.

ते बसवण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉन बुकला यांना द्यावे लागते. सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरच्या मॉर्टन सबॉटनिक आणि रामोन सेंडर यांना टेप कापण्या-जोडण्याच्या कष्टातून सुटका हवी होती. रॉकफेलर अनुदानातील ५०० डॉलर देऊन त्यांनी बुकला यांच्याकडून जे यंत्र बनवून घेतले, त्यातून '१०० मालिका' उभी राहिली. तिच्यात १६० क्रमांकाचा श्वेत नॉइज जनरेटर होता, पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १६५ क्रमांकाचा दुहेरी यादृच्छिक व्होल्टेज स्रोत. त्याला एक स्पंद दिला की तो एक नवे व्होल्टेज देई आणि पुढचा स्पंद येईपर्यंत तेच धरून ठेवी. ते ऑसिलेटरला जोडले तर स्वराची उंची बदले, फिल्टरला जोडले तर रंग, आणि स्पंद देणाऱ्या घटकालाच परत जोडले तर लय.

यामागची युक्ती, म्हणजे 'सॅम्पल अँड होल्ड', समजायला सोपी आहे. सतत थरथरणाऱ्या नॉइजचा एका क्षणीचा व्होल्टेज टिपायचा, कपॅसिटरवर साठवायचा आणि दार बंद करायचे. पळत्या पंख्याचा फोटो काढावा तसे. माझ्या मते या इतिहासातील खरी उडी नॉइज निर्माण करण्यात नसून त्याला असे संथ करण्यात आहे. सेकंदाला हजारो वेळा बदलणारे व्होल्टेज कानाला खरखर वाटते; तेच सेकंदाला चार वेळा बदलले तर धून वाटू लागते.

पूर्व किनाऱ्यावर रॉबर्ट मूग यांच्या प्रणालीतही ९०३ क्रमांकाचा जनरेटर होता. तो श्वेत आणि गुलाबी नॉइज देई, परंतु त्या यंत्राचा आत्मा कीबोर्डात होता. १९७१ च्या एआरपी २६०० मध्ये नॉइज आणि सॅम्पल अँड होल्ड दोन्ही तयार जोडलेले मिळू लागले. मग काय, त्या दशकात पडद्यावरचा प्रत्येक 'विचार करणारा संगणक' टुक-टुक असे यादृच्छिक स्वर काढू लागला. साधन हाताशी आले की ते किती लवकर ठरावीक साच्यात अडकते, याचा हा चांगला नमुना आहे.

बुकला यांनी मात्र वेगळा मार्ग धरला. १९७० पासूनच्या २०० मालिकेतील एका घटकाला त्यांनी नावच दिले 'सोर्स ऑफ अनसर्टन्टी', म्हणजे अनिश्चिततेचा स्रोत. त्याच्या २६६ क्रमांकाच्या आवृत्तीवर थोडे थांबायला हवे, कारण तिची दर्शनी पट्टी म्हणजे संभाव्यताशास्त्राचा एक धडाच आहे. तीन प्रकारचा नॉइज तर आहेच. शिवाय हळूहळू वाहत जाणारे यादृच्छिक व्होल्टेज आहे, ज्याच्या बदलाचा वेग दुसऱ्या व्होल्टेजने नियंत्रित करता येतो. आणि पायऱ्यांनी बदलणारे व्होल्टेज दोन जागी मिळते : एका जागी पायऱ्यांची संख्या २ चा न-वा घात, दुसऱ्या जागी न अधिक १.

न म्हणजे ६ घ्या आणि सहा नाणी उडवल्याची कल्पना करा. प्रत्येक नाण्याचा क्रम लक्षात घेतला तर ६४ वेगवेगळे निकाल संभवतात आणि सगळ्यांची शक्यता सारखी. पण फक्त 'किती छापे पडले' एवढेच मोजले तर ० ते ६ अशा सातच पायऱ्या उरतात, आणि त्यांची शक्यता सारखी राहत नाही : तीन छापे ६४ पैकी २० वेळा, सहा छापे ६४ पैकी एकदाच. पहिल्या प्रकारातून येणारी धून सगळीकडे उड्या मारते. दुसरी मधल्या स्वराभोवती घुटमळते, क्वचितच टोकाला जाते. हे ऐकणाऱ्याला कुणीतरी 'निवड' केल्यासारखे वाटते. अनिश्चितता म्हणजे गोंधळ नव्हे, तिलाही आकार असतो आणि तो आकार ठरवणे हीच रचना, हा विचार इथे तांब्याच्या तारांत उतरला आहे.

याच विचाराला विज्ञानातून अनपेक्षित जोड मिळाली. १९७५ मध्ये रिचर्ड व्हॉस आणि जॉन क्लार्क यांनी 'नेचर'मध्ये दाखवले की संगीतातील आणि बोलण्यातील चढउतार गुलाबी नॉइजच्या नियमाजवळ जातात. पुढे त्यांनी तीन प्रकारच्या नॉइजवरून धुना काढून श्रोत्यांना ऐकवल्या. श्वेत नॉइजची धून फार विस्कळीत वाटली, प्रत्येक स्वर मागच्याला चिकटून चालणारी तपकिरी नॉइजची धून फार कंटाळवाणी, आणि गुलाबी नॉइजची त्यातल्या त्यात संगीतासारखी. एवढ्यावरून संगीताचे रहस्य सापडले असे म्हणणाऱ्यांपासून विद्यार्थ्यांनी सावध राहावे; चढउतारांची सरासरी म्हणजे राग नव्हे. पण सर्व यादृच्छिकता सारखी नसते हा मुद्दा त्यांनी मोजून सिद्ध केला.

या कथेत भारताचा धागा आहे, आणि तो वरवरचा नाही. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या असताना त्यांनी केज यांना भारतीय संगीत शिकवले आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतले. केज यांचे निकटचे सहकारी आणि 'म्युझिक ऑफ चेंजेस'चे वादक डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगच्या मॉड्युलर यंत्रासह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा रचनाकारांनी तिथे काम केले. नंतर त्या टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्यावर १९६९ ते १९७२ मधील निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जगातील बहुतेक विद्यापीठांकडे असे यंत्र नव्हते त्या काळात ते साबरमतीच्या काठी होते, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याची एक ओळही नाही.

पुढचा टप्पा थोडक्यात. डिजिटल चिपांनी ट्रान्झिस्टरची जागा घेतली तेव्हा खऱ्या नॉइजऐवजी शिफ्ट रजिस्टरमधून निघणारा आभासी नॉइज आला. १७ टप्प्यांचे रजिस्टर १,३१,०७१ पावलांनंतर तोच क्रम पुन्हा सुरू करते. सेकंदाला एक लाख पावले टाकली तर सुमारे १.३ सेकंदांनी. लक्ष देऊन ऐकणाऱ्याला ही पुनरावृत्ती जाणवते. हा दोष होता. २०१२ मध्ये टॉम व्हिटवेल यांनी 'ट्युरिंग मशीन' या घटकात त्याच शिफ्ट रजिस्टरचा गुण केला. त्याची मोठी कळ मध्यावर असता क्रम सतत बदलतो, एका टोकाला नेली की पूर्ण थिजून त्याच स्वरांचे आवर्तन होते, आणि त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी धून ओळखीची राहूनही हळूहळू झिजत, पालटत जाते.

हे सारे महागड्या यंत्राविना करून पाहता येते. व्हीसीव्ही रॅक हे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात नॉइजचा घटक सॅम्पल अँड होल्डला जोडा, सेकंदाला चार स्पंद द्या, आणि मिळणारे व्होल्टेज ऑसिलेटरला द्या. दोन मिनिटे ऐका. मग नॉइज आणि सॅम्पल अँड होल्ड यांच्यामध्ये एक फिल्टर घालून त्याची मर्यादा एक हर्ट्झच्या खाली आणा. आवाका फार आक्रसला तर व्होल्टेज वाढवून घ्या. स्वर एकमेकांना धरून चालू लागतील. दोन्हींतला फरक आपल्या शब्दांत वहीत लिहा आणि वर्गात चर्चेला आणा.