असीरगड : चिरंजीवाचा डोंगर

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, विशेषतः डोईफोडियासारख्या सीमावर्ती गावांच्या बाजूला, मराठी सहज कानी पडते. याच जिल्ह्यात बुऱ्हाणपूर शहराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर सातपुड्याच्या रांगेत असीरगड उभा आहे. नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांना जोडणारी खिंड त्याच्या नजरेखाली असल्याने त्याला ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणत.

गडावर महादेवाचे मंदिर आहे. चिरंजीव अश्वत्थामा रोज पहाटे येथे येऊन पिंडीवर फूल वाहतो, अशी श्रद्धा आहे. कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तो वाटसरूंकडे तेल-हळद मागतो, असेही सांगतात. चीनमधील वुदांग पर्वतही अमर सिद्धांचा मानला जातो. पण ताओ परंपरेत अमरत्व साधनेने मिळवायचे असते, अश्वत्थाम्याच्या वाट्याला ते शाप म्हणून आले. दोन्ही डोंगरांचे नशीबही वेगळे. मिंग सम्राट योंगल याने १४१२ पासून वुदांगवर मंदिरांची मोठी उभारणी केली. त्याच सुमारास असीरगड फारुकी सुलतानांचा लष्करी बालेकिल्ला होता.

मौखरी राजा शर्ववर्म्याची सहाव्या शतकातील मुद्रा असीरगडावर मिळाली. तीत तो स्वतःला परममाहेश्वर, म्हणजे शिवाचा परमभक्त म्हणवतो. एवढ्यावरून गडावर त्याचे राज्य होते असे ठरत नाही. मुद्रा मालकासोबत किंवा दानपत्रासोबत कुठेही जाते.

गोव्याच्या वाचकाला जवळचा वाटावा असा प्रसंग अकबराच्या वेढ्याचा. बहादूरखान फारुकीच्या ताब्यातील हा गड जानेवारी १६०१ मध्ये पडला. जेझुइट पाद्री जेरोम झेवियर तेव्हा अकबराच्या छावणीत होते. पोर्तुगीजांकडून तोफा मिळवून द्याव्यात, ही बादशहाची मागणी त्यांनी नाकारली. गड लाच देऊन फोडला, असे जेझुइट वृत्तान्त सांगतो. मोगल बखरकार मात्र आत पसरलेल्या रोगराईवर भर देतात. दरबारी लेखकाने धन्याच्या लौकिकाला जपावे, यात नवल नाही. पण पाद्रीही पूर्ण तटस्थ नव्हते. दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात असाच हा प्रसंग आहे.

१७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने असीरगड पेशव्यांना दिला, पुढे तो शिंद्यांकडे गेला. इंग्रजांनी १८०३ मध्ये तो घेतला व परत केला. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना आश्रय दिल्याचा ठपका ठेवून एप्रिल १८१९ मध्ये त्यांनी तो कायमचा ताब्यात घेतला. शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड यांनी तेव्हा गड लढवला होता.

आज गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. फारुकी सुलतानांची मशीद आणि महादेवाचे मंदिर एकाच तटबंदीच्या आत आहेत. येणारे बहुतेक जण मात्र अश्वत्थाम्याचीच चौकशी करतात.